अकरा ओळींचा खुलासा

अथेन्स, ९ नोव्हेंबर १९६८

प्रिय ताई,

हे पत्र टपालाने आलं नाही, यावरून तू काय ते ओळखलं असशीलच. बोटीवरचा आचारी पांदेलिस ते पावाच्या पिशवीतून आणेल. उत्तरही त्याच्याच हाती दे. टपालाने मात्र हवापाण्याचं पत्र नेहमीसारखं टाकत राहा, नाहीतर ते उघडून वाचणाऱ्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आधी एकाच गोष्टीचं खरं उत्तर दे. गेल्या दोन-तीन महिन्यांत शाळेत कोणी चौकशीला आलं होतं का? चौकीवरून बोलावणं, शाळातपासनिसांचं पत्र, काहीही?

का विचारतो ते सांगतो. लष्कराने सत्ता घेतल्यापासून आमच्या पेपरात रोज संध्याकाळी अख्ख्या अंकाची प्रुफं सेन्सॉरकडे जातात हे तुला माहीत आहे. पुस्तकांच्या सदराला त्याचा फारसा त्रास नव्हता, कारण लिहिणाऱ्यांनी लिहिणंच बंद केलं आहे. ज्यांच्या हाताला काही चव आहे ते सगळे गप्प. कवितासंग्रह नाही, कादंबरी नाही. गेल्या महिन्यात मी मधमाश्या पाळण्यावरच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं. त्याआधी लोणच्यांवरच्या. मधमाश्यांचं खरंच चांगलं होतं.

आता टेबलावर एक जाडजूड पुस्तक येऊन पडलंय. एका ब्रिगेडियरने लिहिलेलं, चारशे बारा पानं, नाव 'राष्ट्राची पहाट'. एक वाक्य देतो, बाकी तू ताड. 'राष्ट्र हे घोड्यासारखे असून लगाम हेच त्याचे हृदय आहे.' असं चारशे बारा पानं.

ते पुस्तक घेऊन स्क्लावूनोस नावाचे एक अधिकारी आले. अतिशय सभ्य माणूस. हॅट काढून बसले, साखर कमी घातलेली कॉफी मागितली, माझी जुनी परीक्षणं तोंडपाठ म्हणून दाखवली. म्हणाले, लोक तुमच्या शब्दावर पुस्तक विकत घेतात, म्हणूनच ब्रिगेडियरसाहेबांना तुमचाच अभिप्राय हवाय. मी म्हटलं, वाचून बघतो. उठता उठता हॅट फिरवत ते म्हणाले, "तुमच्या ताई लिम्नॉसला शिक्षिका आहेत ना? बेटावरचा हिवाळा वाईट. नोकरी असली की चूल पेटती राहते."

बस, एवढंच. तेव्हापासून तुझी भावजय ऊरानिया म्हणते, मी जेवताना मोजूनमापून घास घेतो, जणू कोणी बघतंय.

खरं काय ते लिही.

तुझा मेनेलाओस


लिम्नॉस, २१ नोव्हेंबर १९६८

प्रिय मेनो,

कोणी आलं नाही, कोणी विचारलं नाही. उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस. तुला लहानपणापासून ही खोड आहे. आई गेली त्या वर्षी वारा सुटला की मी पण उडून जाईन म्हणून माझ्या झग्याचं टोक धरून झोपायचास.

शाळा छान चालली आहे. यंदा एकतीस मुलं आहेत. शेगडी नीट केली, आता धूर होत नाही. तिसरीतली एक मुलगी इतकं सुरेख वाचते की तुझीच आठवण येते. फळा नवा मिळाला. खिडकीची काचही बसवली.

त्या सभ्य माणसाला सांग की पुस्तक वाचलं आणि ते वाईट आहे. वाईट म्हणायचं धाडस नसेल तर काहीच लिहू नकोस, लोणच्यांवर लिही. पण जे वाटत नाही ते लिहू नकोस, एवढंच माझं म्हणणं. तुझ्याकडे शेत नाही, घर भाड्याचं. एवढं एक नाव आहे. ते तू सतरा वर्षं दर रविवारी थोडंथोडं करून कमावलंयस.

आठवतं, त्या थोर कादंबरीकाराने भर कॉफीहाउसमध्ये तुझ्या अंगावर ट्रे उलटा केला होता? तू मला लिहिलं होतंस, 'ताई, शर्ट गेला पण परीक्षण राहिलं.' ते पत्र मी सगळ्या गावाला वाचून दाखवलं होतं.

चीज पाठवते आहे. पांदेलिसने वाटेत त्यातलं कापून खाल्लं तर मला कळव.

तुझी ताई
पोलिक्सेनी


अथेन्स, १० डिसेंबर १९६८

प्रिय ताई,

चीज अख्खं पोचलं.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि एकदाही सुटल्यासारखं वाटलं नाही. तू कधी खिडकीच्या काचेबद्दल लिहीत नाहीस. वारा, कांदे, शेजारणीची भांडणं, यांबद्दल लिहितेस. या वेळी शाळेशिवाय काही नाही. मग वाटतं, मी उगाच कीस काढतोय. ओळींच्या मधलं वाचायचा माझा धंदाच आहे, त्यामुळे घरची पत्रंही सुखाने वाचता येत नाहीत.

स्क्लावूनोस आणखी दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी त्यांच्या हातात बेटांवरच्या शिक्षकांची यादी होती. मला दाखवली नाही, नुसती गुडघ्यावर ठेवली. आमचे संपादक व्रेत्तोस वाईट माणूस नाहीत, पण त्यांच्या मागे साठ माणसांचा पेपर आहे. मला खोलीत बोलावून म्हणाले, "मेनेलाओस, मी तुला लिही म्हणत नाही. आणि लिहू नकोसही म्हणत नाही. मला यात विचारूच नकोस." आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

ताई, मी एकविसाव्या वर्षी या पेपरात मुद्रितशोधक म्हणून लागलो. दुसऱ्यांच्या चुका शोधून काढणं, हेच काम. पुढे नाटकांच्या बातम्या, मग पुस्तकं. मला नेहमी वाटायचं की माझ्यावर प्रसंग आला तर मी ताठ उभा राहीन. आज कळतंय की प्रसंग माझ्यावर येतच नाही, तो तुझ्यावर येतो. माझी मान मागितली असती तर कदाचित दिली असती. ही तुझी चूल मागताहेत.

बावन्नाव्या वर्षी तुला घराबाहेर काढायला मी कारण होणार नाही. तू शिव्या घालशील, घाल.

या रविवारचा अंक वाचू नकोस.

मेनेलाओस


लिम्नॉस, १९ डिसेंबर १९६८

मेनेलाओस,

वाचू नको म्हणालास तरी ऐकावं लागलंच. कॉफीच्या दुकानात औषधवाल्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. मी दारातच उभी होते. लोक आधी हसत होते, कारण त्यांना वाटलं तू थट्टा करतोयस. अर्ध्यावर आल्यावर हसणं थांबलं. मग औषधवाल्याने पेपर घडी करून माझ्या हातात दिला, जसा एखाद्याच्या घरी मयताचा निरोप द्यावा तसा.

तुझ्या लिहिण्यात मी कधी दोन विशेषणं शेजारी बसलेली पाहिली नाहीत. या लेखात सत्तावीस आहेत. 'तेजस्वी, संयमी, पुरुषार्थी गद्य.' हे तू लिहिलंस.

आता माझं ऐक. माझी नोकरी सप्टेंबरमध्येच गेली. चौकीवर बोलावलं होतं. एक कागद पुढे ठेवला, त्यावर लिहिलं होतं की माझा भाऊ देशद्रोही विचारांचा आहे आणि माझा त्याच्याशी संबंध नाही. खाली सही करायची होती. मी चष्मा घरी राहिला म्हणाले. त्यांनी वाचून दाखवला. मग मी म्हटलं, यात व्याकरणाच्या तीन चुका आहेत, मी अशा कागदावर सही करत नाही. चौदा तारखेला शाळेच्या किल्ल्या काढून घेतल्या. तिथे आता मुख्य गावातून एक माणूस येतो. फळा, काच, शेगडी, सगळं मी मनाने रचलं. तुला कळलं तर तू वाकशील, म्हणून लपवलं.

आणि तू वाकलास ते माझ्यासाठीच.

मला आत्ता आणखी काही लिहिता येत नाही.

पोलिक्सेनी


अथेन्स, १२ जानेवारी १९६९

प्रिय ताई,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं. त्यानंतर मी टोपी न घेता चालत कुठपर्यंत गेलो ते मला आठवत नाही. घरी आलो तेव्हा ऊरानियाने माझे बूट काढले आणि पायांखाली गरम पाण्याचं घमेलं ठेवलं.

त्याला ठाऊक होतं, ताई. हॅट फिरवत तो जेव्हा चुलीबद्दल बोलला, तेव्हा ती विझवून दोन महिने झाले होते. त्यानेच कदाचित विझवली असेल. जे आधीच काढून घेतलं होतं, ते वाचवायची किंमत त्याने माझ्याकडून घेतली. मला सगळ्यात जास्त हे झोपू देत नाही, की तो माणूस हसला नाही. किती सहज बोलला.

वाचकांची पत्रं आली. शिव्या देणारी थोडीच होती, त्यांचं काही वाटत नाही. पिरेयसच्या एका निवृत्त बोट-इंजिनिअरने माझी सतरा वर्षांची कात्रणं चिकटवलेल्या तीन वह्या पाठवून दिल्या. सोबत एक ओळ होती: 'आता या कोणाच्या आहेत ते मला कळत नाही, म्हणून तुम्हाला परत करतो.' वह्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवल्या आहेत. त्या उघडायची हिंमत नाही.

मी सदर सोडलं. प्रकृतीचं कारण दिलं. ब्रिगेडियरच्या पुस्तकाचा दुसरा भाग येतोय आणि स्क्लावूनोसनी तो आधीच पाठवून दिला होता, तो न उघडता परत केला. तेव्हा वाटलं आता नोकरीही जाईल. पण व्रेत्तोसनी मला बोटींच्या वेळापत्रकावर बसवलं. रोज कोणती बोट किती वाजता सुटते ते तपासतो. तुझी लिम्नॉसची बोटही त्यात असते. तिथे तरी चूक होऊ देत नाही.

लिहिलेलं मागे कसं घ्यावं? एक ओळही त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापली जात नाही. आणि तोंडाने किती जणांना सांगत फिरू?

तू काय खातेस? खरं लिही. आता तरी.

मेनेलाओस


लिम्नॉस, ३ फेब्रुवारी १९६९

प्रिय मेनो,

खरं लिहिते. रात्री भाकरी, ऑलिव्ह आणि कांदा. दुपारी डाळ. उपाशी नाही. पोरींचे लग्नाचे कपडे शिवते. शेवया वळून देते. आणि रोज चार वाजता सात मुलं माझ्या स्वयंपाकघरात येतात, 'शिवण शिकायला'. त्यांतले पाच मुलगे आहेत. गावात सगळ्यांना माहीत आहे, चौकीवरच्या हवालदारालाही, कारण त्यातला एक त्याचाच आहे. त्यांच्या आया अंडी ठेवून जातात आणि नावं सांगत नाहीत.

मागचं पत्र मी रागात लिहिलं. राग खरा होता, पण तो सगळा तुझ्यावरचा नव्हता. मी तुला खरं सांगितलं असतं तर तू लिहिलं नसतंस. तुला वाचवायला म्हणून मी खोटं बोलले, मला वाचवायला म्हणून तू. आईने आपल्याला एकमेकांची काळजी घ्यायला शिकवलं, पण एकमेकांना विचारायला शिकवलं नाही.

मागे कसं घ्यावं ते मला माहीत नाही. मुलाने पाटीवर चुकीचं लिहिलं तर मी त्याला पुसू देत नाही. खोडायला लावते आणि शेजारी बरोबर लिहायला लावते, म्हणजे दोन्ही दिसतात. तुझ्या बाबतीत पाटी त्यांच्या हातात आहे. पण कायम राहायची नाही.

बोटींच्या वेळा नीट तपास. परवाची बोट दोन तास उशिरा आली, ती तुझी चूक नव्हे.

तुझी ताई


अथेन्स, ८ जानेवारी १९७०

प्रिय ताई,

पांदेलिसला सोमवारच्या बोटीपर्यंत थांबवून ठेवलंय, म्हणजे पत्र आणि अंक बरोबरच पोचतील.

छापण्याआधीची तपासणी उठली हे तू ऐकलं असशील. आता पेपरवाल्यांनी काय हवं ते छापावं, आणि मग काय व्हायचं ते होईल, असा नवा कायदा आहे. व्रेत्तोस म्हणतात, आधी दार बंद होतं, आता दार उघडं आहे आणि पलीकडे खड्डा आहे.

मी अकरा ओळी लिहिल्या आहेत. तेरा महिने तेच लिहितोय, ताई. पहिला मसुदा नऊ पानांचा होता. त्यात तू होतीस, ती हॅट होती, यादी होती. मग दिसलं की ती सगळी सबब आहे. काढत काढत एवढंच उरलं:

'१५ डिसेंबर १९६८ रोजी या जागी मी 'राष्ट्राची पहाट' या पुस्तकाची स्तुती केली होती. ते पुस्तक मी दोनदा वाचले आहे. ते वाईट आहे. त्याची भाषा पोकळ आहे आणि विचार उसने आहेत. हे मला तेव्हाही माहीत होते. मी घाबरलो, म्हणून खोटे लिहिले. ज्यांनी माझ्या शब्दावर ते विकत घेतले, त्यांची आणि ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून इतकी वर्षे वाचले, त्यांची मी क्षमा मागतो.'

व्रेत्तोसना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, शनिवारी संध्याकाळी मला दाढदुखीचा त्रास होणार आहे, मी ऑफिसात नसेन. दारापर्यंत गेले आणि परत आले. "दाढबिढ नाही. मी असेन. माझ्या पेपरात छापायचं तर माझ्या सहीने छापलं जाईल."

ऊरानियाने लोकरीचे मोजे, साबण आणि दोन बनियन एका पिशवीत भरून दाराशी ठेवले आहेत. आम्ही दोघं त्या पिशवीला वळसा घालून चालतो आणि तिच्याबद्दल बोलत नाही. पण जेवण जातंय. काल दोन वाट्या घेवड्याचं सूप प्यायलो.

या वेळी तुला आधी विचारायला हवं होतं. म्हणून विचारतो, जरी उत्तर वेळेत पोचणार नाही. तुझ्यावर पुन्हा काही आलं तर?

मेनेलाओस


लिम्नॉस, १४ जानेवारी १९७०

प्रिय ऊरानिया,

पांदेलिसने सांगितलं की मेनोला सोमवारी सकाळी नेलं, आणि संपादकांनाही. हे पत्र तुझ्या हाती लागेल तेव्हा तुझी त्याच्याशी भेट झाली असेल तर त्याला सांग: त्याने विचारलं होतं त्याचं उत्तर 'छाप' असं आहे. माझ्यावर काय यायचं ते येऊ दे, इथे आता शिवणाच्या सुया तेवढ्या राहिल्या आहेत न्यायला.

औषधवाल्याने अकरा ओळी वाचल्या. मोठ्याने नाही. अंक हातोहात फिरला आणि प्रत्येकाने आपापला वाचला. मग एका म्हाताऱ्या कोळ्याने मला बसायला खुर्ची दिली. नोकरी गेल्यापासूनच्या सव्वा वर्षात त्या दुकानात मला कोणी बस म्हटलं नव्हतं.

तू एकटी राहू नकोस. जमलं तर इकडे ये.

पोलिक्सेनी


(कारागृहातून), २२ मार्च १९७०

प्रिय ताई,

महिन्याला एक पान मिळतं, आणि ते आधी दुसरे वाचतात, म्हणून अक्षर सुवाच्य काढतोय. दहा महिन्यांची शिक्षा झाली, हे ऊरानियाने कळवलंच असेल. व्रेत्तोसना चार.

मी बरा आहे. (इथे दोन ओळी काळ्या शाईने खोडल्या आहेत.) थंडी आहे. वाचायला काही देत नाहीत, त्यामुळे परीक्षण लिहायचा मोह होत नाही.

माझ्या खोलीत अनेस्तिस नावाचा एक कवी आहे. तीन वर्षं हद्दपारीत या ना त्या बेटावर ठेवून त्याला इथे आणलाय. आधी आलेला म्हणून भिंतीकडची कोरडी जागा त्याची होती. पहिल्याच दिवशी माझा खोकला ऐकून त्याने ती मला दिली, आणि आता खोकतो तो. कागद नसल्याने तो कविता पाठ करून ठेवतो आणि रोज संध्याकाळी मला म्हणून दाखवतो. मी टाळ्या वाजवतो. (एक ओळ खोडलेली.)

मोजे उपयोगी पडले.

मेनेलाओस


अथेन्स, २९ सप्टेंबर १९७४

प्रिय ताई,

हे पत्र टपालाने टाकतोय. पेटीत टाकताना हात आखडला, सवय गेलेली नाही.

सुटल्यापासून पावणेचार वर्षं मी औषधांच्या चिठ्ठ्यांची प्रुफं तपासली. 'दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर.' जुलैत लष्करवाले गेले, रस्त्यावर माणसं नाचली, आणि ऑगस्टमध्ये व्रेत्तोसनी निरोप पाठवला की रविवारचं सदर रिकामं आहे. माझं टेबलसुद्धा तेच आहे. पहिल्या दिवशी छापखान्यातले जुळारी खालून वर आले आणि हात मिळवून गेले. मी आनंदात असायला हवा होतो.

सदरासाठी पहिलं पुस्तक अनेस्तिसचं आलंय. बेटांवर आणि कोठडीत रचलेल्या अडुसष्ट कविता. सगळ्या शहरात तेच. दुकानांत रांगा लागतात. आजवर आलेल्या सगळ्या परीक्षणांत डोळ्यांतल्या पाण्याची गोष्ट आहे.

ताई, त्यातल्या चार कविता फार चांगल्या आहेत. बाकीच्या नाहीत. भोगलेलं खरं आहे, पण शब्द आयते घेतलेले आहेत. बेडी म्हटलं की खणखण, पहाट म्हटलं की रक्त. मी तीनदा वाचलं, दर वेळी वाटलं माझंच मन कडू झालंय. तसं नाही. चारच.

याच कविता अंधारात ऐकल्या तेव्हा मी खरोखर रडलो होतो. त्याने मला कोरडी जागा दिली. त्याची छाती त्यामुळेच गेली असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण मी म्हणतो. आता याच्याविरुद्ध लिहू? आणि गोड लिहिलं तर, ब्रिगेडियरच्या वेळी भीतीने लिहिलं, या वेळी प्रेमाने, एवढाच फरक. गेले दहा दिवस पुन्हा तसाच मोजूनमापून घास घेतोय. मला वाटलं होतं ती माणसं गेली की हेही जाईल.

तुला विचारतोय. या वेळी छापण्याआधी विचारतोय.

तुझा मेनेलाओस


लिम्नॉस, ९ ऑक्टोबर १९७४

प्रिय मेनो,

सोमवारी शाळेच्या किल्ल्या परत मिळाल्या. नोकरीची तीनच वर्षं राहिली आहेत, पण मिळाल्या. शेगडीचा धूर होतो आणि खिडकीला काच नाही, हे खरं लिहिते आहे.

औषधवाल्याने ते पुस्तक मागवलं होतं, मी घेऊन वाचलं. रडले. मग चहा केला, पुन्हा वाचलं, आणि लक्षात आलं की मी त्या माणसासाठी रडत होते. तुझ्या चार कोणत्या ते मला माहीत नाही. माझ्या पाच निघाल्या.

काय लिहावं ते मी सांगणार नाही. तू विचारलंस, तेवढं मला पुरे. एक मात्र कर. पेपरात येण्याआधी अनेस्तिसला कळू दे, आणि तुझ्या तोंडून कळू दे. आपण दोघांनी एकमेकांपासून लपवून काय मिळवलं ते तू विसरला नसशील.

घंटा द्यायची वेळ झाली.

तुझी ताई


अथेन्स, १ डिसेंबर १९७४

प्रिय ताई,

दोन महिने लिहिलं नाही, कारण लिहायला काही चांगलं नव्हतं.

परीक्षण छापायच्या तीन दिवस आधी, तू म्हणालीस तसा मी प्रुफ घेऊन अनेस्तिसच्या घरी गेलो. तो पलंगावर टेकून बसला होता. मी म्हटलं, हे रविवारी येतंय, आधी तू वाच. त्याने वाचलं. सावकाश, बोट ओळीवर फिरवत. त्याची बायको कॉफी घेऊन आली आणि आमच्याकडे बघून ट्रे घेऊन तशीच परत गेली.

मग तो म्हणाला, "तू तर टाळ्या वाजवायचास."

मी म्हटलं, "तिथे तू ऊब देत होतास. उबेचं परीक्षण कोण करतं?"

"आणि आता?"

"आता तू पुस्तक छापलंयस, अनेस्तिस."

त्याने कागद घडी करून उशाखाली ठेवला. म्हणाला, सगळ्यांनी मला हुतात्मा म्हटलं, तू एकट्यानेच कवी म्हणून मोजलंस, आणि चार भरलो. मला राग आलाय आणि तो लवकर जाणार नाही. तू आता जा.

मी आलो. रविवारी लेख छापून आला. रस्त्यात दोन जणांनी तोंड फिरवलं. एका विद्यार्थिनीने दाराखालून चिठ्ठी सरकवली: 'तुरुंगात गेलात म्हणून तुम्हाला आदर देत होतो, तो परत घेत आहोत.' व्रेत्तोस म्हणाले, अंगावर ट्रे उलटा करणारे परवडले. मी रोज जिन्यावर त्याच्या खोकल्याची चाहूल घेत होतो आणि स्वतःला सांगत होतो की येणार नाही, का म्हणून यावं. ऊरानिया म्हणाली, तू तुरुंगात असताना मी अशी वाट बघितली होती, आता तुझी पाळी.

काल तो आला. तीन मजले चढून धाप लागली होती, म्हणून बराच वेळ दारात नुसता उभा राहिला. आत येऊन स्वयंपाकघरात बसला, खिशातून पुस्तक आणि पेन्सिल काढली आणि माझ्यापुढे सरकवली.

"त्या चार कोणत्या? लेखात नावं दिली नव्हतीस."

"तुला माहीत असतील असं वाटलं."

"मला दोन माहीत आहेत. खूण कर."

मी चार खुणा केल्या. त्याने पानं उलटून पाहिलं. एका कवितेवर थांबला, जी त्याला मुळीच आवडत नव्हती, काढूनच टाकणार होता म्हणाला. मग तिच्यावरून आमचं जुंपलं. तो म्हणे ही कविताच नाही, मी म्हणे पुस्तकात हीच सगळ्यांत वर आहे. ऊरानियाने सूप वाढलं, ते निवलं. त्याने तिला सांगितलं, याला काही कळत नाही, तुम्ही याच्याशी लग्न कसं केलं. आणि मग ती कविता त्याने म्हणून दाखवली, पूर्वीसारखी, डोळे मिटून, मधे खोकत.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तो थांबला, माझ्याकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "दुसऱ्या कडव्यातला शेवटचा शब्द जड आहे ना?"

मी म्हटलं, "हो."

त्याने तो खोडला.

तुझा
मेनेलाओस